गाडी उंच करण्याआधी

रुग्णवाहिका चालवत एकतीस वर्षं काढली म्हणून लोक त्याला 'सायरन' म्हणत, ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. हाती वेळ आला तशी त्याने एक जुनी, धिप्पाड एसयूव्ही घेतली. डांबरी रस्ता संपतो तिथून पुढं दोन महिने भटकायचं, असा बेत. गाडीला काय काय लावायचं याची यादी करताना तो जेवणसुद्धा विसरायचा.

एका सकाळी खिशात यादी आणि शेजारी बायको, असा तो गॅरेजवर पोचला.

"पुढं विंच हवी," त्याने मिस्त्रीला सांगितलं. "रुतलो तर झाडाला दोर बांधायचा, गाडी आपली आपण ओढून निघते. टपावर तंबू, दिव्यांची पट्टी. आणि गाडी चार इंच उंच करायची."

मिस्त्री चाळिशीतला, मोजकं बोलणारा. त्याने यादी वाचली, घडी घातली आणि म्हणाला, "काकू, जरा गाडीत बसून दाखवता?"

ती चढायला गेली. एक हात दारावर, एक सीटवर. गुडघा निम्म्यात अडला. दुसऱ्या खेपेला जमलं.

"चढता येतं हो, घाई नसली की," ती हसत म्हणाली.

"अजून चार इंच उंच केली तर?" मिस्त्रीने सायरनला विचारलं. "शिवाय टपावरच्या तंबूला शिडी असते, काका." मिस्त्री पुन्हा तिच्याकडे वळला. "तुम्हाला काय हवंय गाडीत?"

"मला विचारताय?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. "माझं इन्सुलिन गार राहिलं म्हणजे झालं. बर्फाचा डबा नेते मी, पण दुपारपर्यंत त्याचं पाणी होतं. म्हणून तर आम्ही कधी मुक्कामाला गेलो नाही."

परक्यांच्या जिवासाठी सायरन उभा जन्म धावला होता आणि घरातली ही गोष्ट त्याच्या ध्यानातही आली नव्हती.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," तो म्हणाला. "खोडा, मिस्त्री. सगळं खोडा."

"सगळं कशाला? दिव्यांची पट्टी राहू द्या, त्यांची हौस आहे!" बायको म्हणाली.

मग कामाला हात लागला. दुसरी बॅटरी बसली आणि इंजिन बंद असलं तरी तिच्यावर चालणारा छोटा फ्रिज आला. पाण्याचं आणि सामानाचं वजन पेलायला मागच्या स्प्रिंगा बदलल्या, टायर दणकट घेतले. दाराखाली पायरी लागली, आत पकडायला दांडी. टपावरचा तंबू यादीतून गेला आणि मागच्या सीटच्या जागी फळ्यांचा बिछाना झाला.

फ्रिज मात्र मिस्त्रीने लगेच ताब्यात दिला नाही. आत पाण्याची कुपी ठेवून त्याने तो तीन दिवस चालवून पाहिला. पहिल्याच दिवशी कुपीचा बर्फ झाला.

"बरं झालं आत्ताच कळलं," ती म्हणाली. "गोठलं की इन्सुलिन वायाच जातं."

मिस्त्रीने खटपट करून गारवा बेतात आणला, कुपीतलं पाणी पाणीच राहिलं, तेव्हा कुठे किल्ली दिली.

प्रवासाच्या अकराव्या दिवशी एका तळ्याच्या काठी गाडी वाळूत बसली. मग मिस्त्रीने शिकवलं होतं तसं सायरनने टायरांतली हवा कमी केली, चाकांपुढची वाळू फावड्याने उपसली. बायको स्टिअरिंगवर बसली. "हळू, अगं हळू!" तो ओरडत राहिला आणि तिने गाडी अलगद बाहेर काढली.

जेवणाआधी तिने फ्रिजमधून औषध काढून टोचून घेतलं, रोजच्यासारखं. घर शेकडो मैल मागे होतं. तिच्याकडे बघताना सायरनचे डोळे भरून आले. त्याने फोन लावला.

"मिस्त्री, तुमचे उपकार कसे फेडू?"

"ते राहू द्या. टायरांत हवा परत भरली का?"

"अरे देवा!" म्हणत सायरन पंप शोधायला धावला. फोन बायकोच्या हाती आला. तळं केवढं आहे, पाणी कसं हिरवंगार आहे, पक्षी कुठून कुठून येऊन उतरलेत, हे ती मिस्त्रीला सांगू लागली. चारही टायर भरून झाले तरी तिचं सांगणं काही संपेना.