उणे ऐंशीचा गारवा

मित्रांनो, दिल्लीतल्या मुनिरक्याजवळच्या एका संशोधन संस्थेत, जिन्याखालच्या अंधारात उभा असलेला मी एक जुना डीप फ्रीझर आहे. कपाटाएवढा उंच, अंगाने जाड. विजेशी माझे नाते तुटून बरीच वर्षे झाली. आता माझ्या पोटात रंगाचे रिकामे डबे आणि कुणाच्या तरी जुन्या चपला आहेत.

माझा जन्म परदेशातला. बाहेरच्या मालाला आपला देश नुकताच मोकळा झाला होता, तेव्हा मी बोटीने मुंबईला आणि तिथून ट्रकने दिल्लीला आलो. खोक्यातून काढल्यावर डॉक्टर कल्पना सबनीस यांनी मला हळदकुंकू लावले.

"सायंटिस्ट असून पूजा?" विभागप्रमुख विश्वनाथ सर हसले.

"सर, याला दिल्लीचं व्होल्टेज सोसायचंय. तिथे देवच लागेल."

मला उणे ऐंशी अंशांचा गारवा राखायचा होता. कल्पनाताई आपल्या शरीराच्या संरक्षणाचा अभ्यास करीत. रक्तातल्या काही पेशी रोगजंतूला ओळखायला शिकतात आणि त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडे तयार करतात. लस म्हणजे त्या पेशींची शाळा. शाळेत जाण्याआधी पेशींना काय येत होते आणि नंतर काय येऊ लागले, हे ताईंना ताडून पाहायचे होते. म्हणून त्यांनी मुनिरक्यातल्या लहान मुलांचे थोडे रक्त लस टोचण्याआधी घेतले. त्यातल्या जिवंत पेशी इवल्याशा नळ्यांत गोठवून माझ्या हवाली केल्या. मग मुलांना लस दिली.

"लशीआधीचं रक्त एकदाच मिळतं, प्रभा," ताई आपल्या सहायक मुलीला सांगत. "हे गेलं तर पुन्हा मागायलाही जागा नाही."

करोल बागेत वाढलेली प्रभा मोठी दक्ष. 'वीज गेल्यावर दार उघडू नये' असा कागद तिनेच माझ्या दारावर चिकटवला, मराठीत आणि हिंदीत. पाहुणे आले की सर मला कौतुकाने दाखवीत. तेव्हा मला वाटे, आपल्याइतका भाग्यवान कुणी नाही.

ते दिवस दिल्ली पसरण्याचे होते. द्वारकेकडे सोसायट्या भराभर उगवत होत्या, वीज मात्र कुणालाच पुरत नव्हती. मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी ती गेली. जनरेटर थोडा धडधडला, धूर ओकला आणि गप्प झाला. सुट्टी असूनही प्रभा रिक्षा करून धावत आली. तिने द्वारकेला राहणाऱ्या ताईंना फोन लावला. उद्या सकाळी कारखान्यातून सुका बर्फ, म्हणजे ड्राय आइस, येईल, असे ठरले. माझ्या जाड भिंती तोवर गारवा नक्की धरून ठेवू शकत होत्या. दार बंद राहिले असते तर.

पहारेकरी विष्णू बर्फाची लादी खांद्यावर घेऊन आला. "मैडम, जूसवाले से लाया हूँ. अंदर रख दूँ?"

"अरे विष्णू भैया, इसके पेट के सामने आपकी सिल्ली तो चाय है, चाय. देखना है?" प्रभा हसली आणि तिने माझे दार उघडले.

पांढरे धुके बाहेर सांडले. विष्णूने हात घालून पाहिला. "यह तो पूरा शिमला है."

मग विश्वनाथ सर आले. "बघू तरी," म्हणत त्यांनी दार उघडले. "अच्छा, गार आहे अजून." ते गेल्यावर प्रभाला वाटले, सरांनी दार नीट लावले की नाही? तिने पुन्हा उघडून पाहिले. संध्याकाळी कल्पनाताई पोचल्या. तो कागद त्यांनी वाचला आणि तरीही माझी मूठ ओढली.

"ताई, आत्ताच बघितलं मी."

"माहीत आहे गं. पण राहवत नाही."

प्रत्येक वेळी माझा गारवा जमिनीवर ओघळत होता. मला ओरडायचे होते. पण मला तोंड कुठे होते?

सकाळी सुका बर्फ आला, तोवर नळ्यांत गोठलेल्याचे पाणी झाले होते. दुपारी वीज आली आणि मी सारे पुन्हा दगडासारखे गोठवले. वरून सगळे पूर्वीसारखेच दिसत होते. आत काय घडले होते ते मला ठाऊक होते, पण मी सांगणार कसे?

सोमवारी ताईंनी एक नळी वितळवली आणि तिच्यात निळा रंग सोडला. जिवंत पेशी तो रंग आत घेत नाही. मेलेल्या पेशीला तो अडवता येत नाही. ताई सूक्ष्मदर्शकातून बघतच राहिल्या. मग प्रभाने पाहिले.

"ताई, सगळं निळं आहे."

सर म्हणाले, "चलो, पुन्हा घेऊ त्यांचं रक्त."

"कसं घेणार, सर? मुलांना लस देऊन झाली."

कुणी कुणावर रागावले नाही. ताईंनी नळ्या एकेक करून स्वतः बाहेर काढल्या. तोवर प्रभा माझे दार धरून उभी होती. ते लावून घे, असे कुणीही तिला म्हणाले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे कुणी तुमच्यासाठी काही जपून ठेवत असेल, तर त्याला थोडा वेळ न बघता राहू द्या. राहवले नाही, तरी हात मागे घ्या. आम्ही मुकी यंत्रे. तुमचा राग आम्हाला अडवता येत नाही, आणि तुमची मायाही.