जपून ठेवलेली करामत

रफूच्या त्या दुकानात 'करामत' हा शब्द सासरे फार जपून वापरत. नीट केलं ते काम. केलेलं दिसलंच नाही तर ती करामत, असं त्यांचं म्हणणं. ज्याच्या हाताला ते हा शब्द लावत, त्याचं स्टूल खिडकीजवळ, उजेडात. तिथे पाच वर्षं धाकटा दीर बसत होता. सुनेच्या वाट्याला आतला कोपरा, पिवळा दिवा आणि "बरं आहे". दूध उतू गेलं तेव्हा मात्र घरभर ऐकू आलं होतं, "वा सूनबाई, काय करामत केलीत!"

हल्ली तिचे डोळे चुरचुरत. उजेड मिळाला नाही, तर हे काम सुटणार हे तिला कळत होतं.

वकिलांचा काळा कोट तीन दिवस तिच्या मांडीवर होता. बाहीला सिगारेटने भोक पडलेलं. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढून तिने एकेक विणला होता.

दुकानाचा रिवाज असा, की कोट नेताना गिऱ्हाइकाने भोक शोधायचं. वकिलांनी बाही चष्म्याला भिडवली आणि हात टेकले. "कुणाचं काम हो?"

"धाकट्याचं," सासरे म्हणाले. "करामत आहे त्याच्या हातात."

दीर खिडकीबाहेर बघू लागला.

सून कोपऱ्यातून उठून आली. "भाऊजी, भोक कुठे होतं, दाखवा बरं."

"सूनबाई, गिऱ्हाईक उभं आहे!"

"म्हणूनच विचारते, मामंजी. साक्षीदार आयता मिळालाय."

वकील हसले. दिराने चाचपडत मनगटापाशी बोट ठेवलं.

"छे हो, कोपराजवळ होतं," वकील म्हणाले.

तिने बाही उलटी केली. कोपरापाशी, आतल्या अंगाला, धाग्यांची बारीक टोकं उभी होती. "सुलटीकडून लपतं. उलटीकडून नाही."

सासऱ्यांनी घसा खाकरला. "बरं आहे."

"मघाशी वेगळं म्हणालात. काम तेच आहे."

सासरे कोटाची घडी घालत राहिले. ती थांबली नाही. कोपऱ्यातलं स्टूल उचलून तिने खिडकीपाशी आणलं.

"भाऊजी, सरका."

"बसा वहिनी," तो पुटपुटला. "मला इथे ऊनच लागतं."

"शब्द ठेवा तुमच्यापाशी, मामंजी," ती म्हणाली. "उजेड मी घेतला."

सुईत दोरा पहिल्याच खेपेला गेला.