आईचं मत दुसऱ्या पर्यायाला

शाळेच्या हॉलमध्ये तीन नकाशे टांगले होते. गावातला रस्ता नव्या द्रुतगती मार्गाला कसा जोडायचा, याचे तीन पर्याय. लोकांनी यायचं, बघायचं आणि पटेल त्या नकाशाखाली हिरवी टिकली चिकटवायची. लोकांना विचारलं असं दाखवायची ही रीत; ठरतं ते वरच. पण या खेपेला वरच्यांचंही ठरत नव्हतं, म्हणून थोरला टिकल्यांकडे डोळे लावून बसला होता.

थोरला म्हणजे आईचा मोठा मुलगा, हे पर्याय आखणारा इंजिनियर. पहिला पर्याय उड्डाणपुलाचा, कोणाला न परवडणारा. दुसरा सरळ आणि सुरक्षित, पण आईचं घर पाडून जाणारा. तिसऱ्यात रस्ता आईच्या कुंपणापाशी येऊन वाकायचा, वळसा घालायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. इतकं आवळलेलं वळण वेगातल्या गाडीला घातक, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग तुलना करताना त्याने सुरक्षिततेचे गुण कमी धरले, घरं वाचण्याचे वाढवले. तिसरा पर्याय पहिला आला. अशा बेरजा अशाच जमवल्या जातात.

आई आली, चष्मा पुसून तिन्ही नकाशे बघितले आणि दुसऱ्याखाली टिकली लावली.

तो धावत आला. "आई, चुकलं. यात आपलं घर जातं."

"दिसतंय मला. चष्मा नवाच आहे."

तो नखाने टिकली काढायला गेला. आईने मनगटावर चापट मारली. मग दोघं पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसले.

"बाबांनी घाम गाळून बांधलंय ते," तो म्हणाला.

"मला सांगतोस? विटा मी भिजवल्यात. तुझे बाबा नुसते सूचना द्यायचे. पण आता ट्रक गेला की फळीवरची भांडी वाजतात रे. हे होते तेव्हा दोघं मिळून ट्रकवाल्यांना शिव्या द्यायचो, बरा वेळ जायचा. एकटीने काय शिव्या द्यायच्या?"

"मग विकू म्हणायचंस."

"विकलं तर तुझा काका म्हणणार, भाऊ गेला आणि वहिनीने घर फुंकलं. तुझी धाकटी बहीण रडेल. तू तोंड पाडून बसशील, ते त्याहून वाईट. रस्त्यात गेलं तर बोलायला कोणाला जागाच नाही. त्याचीच वाट बघत होते, तर तू लबाडा रस्ताच वाकवलास."

"मी वाकवला हे कोणी सांगितलं?"

"एवढ्या मोकळ्या माळावर रस्त्याला माझ्याच कुंपणाची लाज वाटली होय?"

त्याला हसू आलं आणि लगेच नजर तिसऱ्या नकाशाकडे गेली. त्या वळणावर कोणाच्या तरी आईची गाडी उलटली असती.

तो उठून चहाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या साहेबांकडे गेला. "साहेब, तिसरा पर्याय काढून टाका. वळण धोक्याचं आहे. मी मुद्दाम तसं काढलं, गुणही फिरवले. ते घर माझ्या आईचं आहे."

साहेबांनी कप खाली ठेवला. "हे आधी सांगायचं असतं."

"हो."

"तुलना आता दुसरं कोणीतरी करेल. तू यातून बाहेर. बाकीचं उद्या ऑफिसात बोलू."

तो परत येऊन बाकावर बसला.

"मग? जाणार ना माझं घर?" आईने विचारलं.

"माहीत नाही. माझ्या हातात काही राहिलं नाही."

"आणि नाहीच गेलं तर?"

"तर आपण विकू. मीच तुला विकायला लावलं असं काकाला सांगेन."

"फार बोलतो हं तो."

"बोलू दे. तू आमच्याकडे राहायला ये."

"तुझ्याकडे नको. तुझ्या घोरण्यात सून कशी झोपते तिलाच माहीत. धाकटीच्या इमारतीत तळमजल्याला दोन खोल्या रिकाम्या आहेत. मागे जरा मोकळी जागा आहे, उन्हात बसायला." आईने गुडघ्यावर हात टेकले. "उठव मला. चल, दाखवते."

"आत्ता?"

"मग काय, रस्ता होईपर्यंत थांबू?"