कर्ण न मोजलेली काच

आमचे हे शाळेत भूमिती शिकवतात, आणि लेकीचं नशीब असं थोर की ती त्यांच्याच वर्गात आहे. चाचणीत प्रश्न होता: चौकोनाच्या चार बाजू दिल्या आहेत, क्षेत्रफळ काढा. तिने लिहिलं, ‘कर्ण दिलेला नाही, त्यामुळे काढता येणार नाही.’ ह्यांनी लाल पेनाने शून्य दिलं आणि वर शेरा मारला, ‘चार बाजू पुरेशा आहेत.’

रविवारी हे कोपऱ्यातल्या तिरक्या टेबलाच्या चार बाजूंची मापं घेऊन काच कापून घ्यायला गेले. काचवाल्याने विचारलं, “सर, कर्ण मोजलात का?”

“वीस वर्षं भूमिती शिकवतोय मी.”

एवढ्या विद्वत्तेला त्या बिचाऱ्याने मान दिला. त्याने एक कोपरा काटकोनात धरला आणि काच कापून दिली.

घरी आणून ठेवली, तर चारही बाजू तंतोतंत. फक्त काचेचा एक कोपरा टेबलाबाहेर वीतभर आलेला, आणि पलीकडे टेबल उघडं पडलेलं.

हे दहा मिनिटं काच फिरवत राहिले. मग म्हणाले, “टेबलच चुकलंय.”

लेकीने लाल पेन आणून त्यांच्या हातात दिलं.

“बाबा, मग त्यालाही शून्य द्या.”