कडेवरची साक्ष

सख्खा भाऊ आणि जिवलग मित्र ही एकाच जिवाची दोन नावं आहेत, असं रामलिंग कारकून तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षं सांगत आला होता. ऐकणाऱ्यांना दुसरं काम नसे, आणि त्यालाही नसे.

विलीनीकरणानंतर निजामी दफ्तरातल्या नोकरांच्या जन्मतारखा फसली सालातून इसवीत उतरवायचं निघालं, तशी कचेरीत तरुण होण्याची साथ आली. पंचावन्नाव्या वर्षी घरी बसायचं, आणि रामलिंगचे तीनच महिने उरलेले. खुर्ची गेल्यावर आपल्याला रामराम कोण घालणार, या धास्तीनं त्याला घास उतरेना. त्यानं वय पाच वर्षांनी कमी करून मागितलं. साक्षीला एक नातलग, एक परिचित हवा होता. त्याला विचारही करावा लागला नाही.

नायब तहसीलदारांनी आधी भावाला, जळकोटच्या बंडप्पा मास्तरला, विचारलं, "हे तुमच्याहून किती मोठे?"

बंडप्पानं बोटं मोजली. तो चारच वर्षांनी धाकटा. अण्णा पाचानं उतरले तर थोरला तोच ठरणार. आपण पेन्शनीत आणि अण्णा कचेरीत, हे त्याला सोसवेना.

"लई मोठे, साहेब. मला कडेवर घेऊन हिंडायचे."

"अरं बंड्या!"

"अण्णा, तुमीच सांगा, हिंडायचे का न्हाय?"

हे कौतुक रामलिंगनंच गावभर सांगितलेलं. त्याला मान डोलवावी लागली.

राहिला शेजारच्या मेजावरचा जिवलग मित्र मल्लिनाथ. "एकच दिवस, एकच सुईण. इरम्माच्या हातावर दोघं आलो," हे त्याचं तोंडपाठ. त्यानं तेच म्हटलं.

साहेबांनी त्याचंही सर्व्हिस बुक उघडलं. मल्लिनाथनं गेल्याच साली आपली सात वर्षं गुपचूप कापून घेतली होती.

"इथं तर तुम्ही सत्तेचाळीस. ह्यांच्याच दिवशी जन्मलात म्हणता, मग तुमचं पुस्तक पुन्हा तपासू?"

मल्लिनाथनं घाईनं हात जोडले. "चुकलं, साहेब. सुईण तेवढी एक. हा लई मोठा. मला... मला बी कडेवर घेऊन हिंडायचा."

"मल्ल्या, तू माझ्याहून वीतभर उंच होतास रं!"

"साक्षी जुळतात," म्हणत साहेबांनी अर्ज फेटाळला.

तीन महिन्यांनी निरोप समारंभ झाला. हार मल्लिनाथनं घातला. भाषण बंडप्पानं केलं, भाऊ आणि मित्र या विषयावर. दुसऱ्या दिवशी रामलिंगच्या खुर्चीवर मल्लिनाथ बसला.

त्या दिवशी तोही पंचावन्न वर्षांचा होता.