आधी धाकटीनं बोलायचं

सिरिंजमध्ये एक बुडबुडा अडकून राहिला होता – मोहरीच्या दाण्याहूनही लहान, वरच्या टोकाशी जाऊन चिकटलेला – आणि तिनं ग्लोव्हमधल्या बोटानं दोनदा टिचकी मारली तरी तो जागचा हलेना. एवढीशी हवा हृदयाच्या धमनीत गेली तर बहुधा काही होत नाही, पडद्यावरची रेघ क्षणभर बिचकते आणि पुन्हा आपल्या चालीनं चालू लागते. पण ‘बहुधा’ सिरिंजमध्ये ठेवून पुढे जाता येत नाही. तिसऱ्या टिचकीला तो सुटला. तिनं दट्ट्या दाबून त्याला बाहेर घालवलं, त्याच्यामागून डायचा, धमन्या पडद्यावर दाखवणाऱ्या द्रवाचा, एक चिकट थेंब हिरव्या चादरीवर पडला.

“डॉक्टरबाई, मला झोप येत नाहीये. चालेल ना?” चादरीखालून आवाज आला.

“झोपायचं नाहीच आहे. नुसतं पडून राहायचं.”

“ते जमतं. सगळा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात उताणं पडून काढला. फरक एवढाच, तिथे वरून लिफ्ट येईल का अशी धास्ती असायची.”

“इथे फक्त कॅमेरा येईल,” सिस्टर म्हणाली. “आणि आजोबा, उजवा हात हलवू नका.”

“आजोबा कुणाला म्हणतेस गं? लग्न नाही झालेलं माझं.”

काचेपलीकडे टेक्निशियन हसला. त्याला सगळे भाऊ म्हणत, त्याच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. तीही हसली, मास्कच्या आत, आणि मनगटातून आत सरकवलेला नळीसारखा बारीक कॅथेटर हृदयाच्या तोंडाशी नेऊन बसवला. खांद्यांवर शिशाचा एप्रन आता जाणवू लागला होता. सकाळी तो कधीच जाणवत नाही, दुसऱ्या पेशंटपासून जाणवतो.

माणूस इथे छातीत दुखतं म्हणून आलेला नव्हता. त्याच्या आतड्यात गाठ होती, वाईट जातीची, पण वेळेवर सापडलेली. पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्याआधीच्या तपासणीत, पट्ट्यावर चालताना, हृदयाचा आलेख बिघडला होता. म्हणून सर्जननं त्याला तिच्याकडे पाठवलं. धमनी फारच अरुंद असेल तर ती उघडी ठेवणारा जाळीदार स्टेंट टाकायचा. मात्र स्टेंट टाकला की रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या आल्या. त्या चालू असताना पोट उघडायचं नाही, मधेच थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी. म्हणजे ऑपरेशन काही महिने लांबणार, आणि गाठ काही कुणाच्या सोयीसाठी थांबत नाही. आणि अरुंद धमनी तशीच ठेवली तर ऑपरेशनच्या टेबलावरच… तिनं एक्स-रेचं पेडल दाबलं, डाय सोडला.

पडद्यावर झाड उगवलं. काळं, ओलं, फांद्या हलत असलेलं झाड – कितीही वेळा पाहिलं तरी पहिल्या ठोक्याला ते सुंदरच दिसतं, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं – आणि समोरून उतरणाऱ्या मोठ्या धमनीच्या मध्यावर, कुणी दोन बोटांच्या चिमटीत धरावं तशी ती बारीक झालेली.

“सत्तर,” ती म्हणाली.

म्हणाली आणि थांबली. झाड विरून गेलं होतं. मॉनिटरचा ठोका तेवढा चालू होता.

“हो… सत्तर,” तिच्या शेजारी उभी असलेली धाकटी डॉक्टर म्हणाली.

“सत्तरच, मॅडम,” स्पीकरमधून भाऊंचा आवाज.

या खोलीत असं होत नसे. इथे रीत होती आणि ती तिनंच घातलेली होती: चित्र दिसलं की आधी धाकटीनं आकडा बोलायचा, मग भाऊंनी, सगळ्यांत शेवटी तिनं. कुणी हसायचं नाही, कुणी दुसऱ्याकडे बघायचं नाही. धमनी किती टक्के बुजली आहे हे डोळ्यांनी ठरवणं म्हणजे शेवटी अंदाजच, आणि तीन वेगवेगळे अंदाज एका ओळखीच्या अंदाजापेक्षा बरे. तिच्या शिकण्याच्या दिवसांत सर पेनाचं टोपण पडद्यावर टेकवून म्हणत, “नव्वद,” आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना नव्वद दिसे, तिलाही दिसे, एकदा तर सरांचं टोपण भलत्याच फांदीवर टेकलं होतं आणि तिथेही काहीजणांना नव्वद दिसलं. ती त्या रात्री खूप हसली होती, मैत्रिणीला फोन करून. मग हसू थांबल्यावर वाटलं होतं – मी त्या काहीजणांत होते की नव्हते?

मग आज का बोलले मी आधी?

घाई नव्हती. दमलेली नव्हते. दिसलं आणि तोंडातून गेलं, एवढंच… आणि अरुंद जागा दिसली की हात शिवशिवतात हेही खरं. पाणी तुंबलेलं बघवत नाही तसं. पण त्याच्याही आधी काहीतरी होतं. सकाळी एप्रन चढवत असताना सर्जनचा फोन आला होता, नेहमीचा मोठा आवाज: “अगं, चांगलं मोठं ब्लॉकेज असणार बघ. मला दार साफ करून दे, मग मी आत शिरतो.” ती हं म्हणाली होती. ‘असणार’ हा शब्द तिनं कानातून काढून टाकला नव्हता, इतकंच.

आणि काल संध्याकाळी. आईनं मोठं घर सोडून धाकट्या भावाकडे राहायला जावं की नाही, यावर सगळी भावंडं व्हिडिओ कॉलवर जमली होती, आणि ती म्हणाली होती, मला वाटतं जावं. झालं. बहीण म्हणाली, मलाही तेच वाटतं. धाकटा म्हणाला, “ताई बोलली म्हणजे निकाल लागला, आता चहा टाका.” सगळे हसले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात तेवढे दिसत होते. तू म्हणशील तसं, म्हणाली. तेव्हा ते किती सोपं, किती समंजस वाटलं होतं… आईचा आकडा काय होता?

“मॅडम, स्टेंट काढू का?” सिस्टरनं विचारलं. “साईज सांगा.”

कपाटाचं दार उघडलेलं होतं. खोलीतला प्रत्येकजण पुढच्या पावलावर जाऊन उभा होता, कारण सत्तर म्हणजे पुढचं पाऊल.

“नको. प्रेशर वायर द्या.”

प्रेशर वायर म्हणजे केसासारखी तार, टोकाजवळ दाब मोजणारी. अडथळ्याच्या पलीकडे नेऊन ठेवायची, औषध देऊन रक्ताचा ओघ वाढवायचा, आणि पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती उरतो ते बघायचं. अजिबात अडथळा नसेल तर एक. पॉइंट ऐंशी किंवा त्याखाली आला तर स्टेंट टाकायचा. वर राहिला तर धमनी कितीही वाईट दिसो, रक्त पुरेसं पोचतंय. तारेला कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, ही तिची मोठीच सोय.

“आता छातीत दडपल्यासारखं होईल,” ती चादरीवर वाकून म्हणाली. “घाबरू नका, औषध बंद केलं की लगेच जातं.”

“आणि नाही गेलं तर?”

“तर मला सांगा.”

“तुम्हालाच सांगणार. इथे दुसरं कोण आहे माझ्या ओळखीचं?”

पॉइंट ब्याण्णव. औषध शिरेतून चढू लागलं. अठ्ठ्याऐंशी. माणसानं खोल श्वास घेतला, “आलं, आलं,” म्हणाला. पंच्याऐंशी. त्र्याऐंशी. भाऊ वाचून दाखवत होते आणि तिच्या लक्षात आलं की आपण आकडा खाली उतरण्याची वाट बघतोय – अजून थोडा, अजून – म्हणजे सत्तर खरं ठरेल. गाठ असलेल्या माणसाच्या धमनीनं खराब असावं, अशी इच्छा आपल्यात आहे, इथे, एप्रनच्या आत, शांतपणे बसलेली. तिला धक्का बसला नाही. नोंद घ्यावी तशी तिनं ती बघितली.

“एक्याऐंशी,” भाऊ म्हणाले. “एक्याऐंशी… एका ठोक्याला ऐंशी दिसला… एक्याऐंशी. स्थिर आहे मॅडम.”

औषध थांबवलं. तार मागे ओढून तपासली. एक आला, चोख. मोजण्यात चूक नव्हती.

“परत एकदा घेऊ या का?” धाकटी म्हणाली. “डोस जरा वाढवून?”

घेता आलं असतं. तसं करणाऱ्याला कुणी नावं ठेवली नसती. आणि दुसऱ्यांदा ऐंशी आला असता तर? दोन आकड्यांतला हवा तो उचलायचा, आणि हवा कोणता ते तर ठरलेलंच होतं. पण – हेही तितकंच खरं – नको म्हणण्यातही आता तिचा हट्ट असू शकत होता, आपल्याच सत्तरला शिक्षा करण्याचा. एका बाजूला चूक, दुसऱ्या बाजूला चुकीची भरपाई, आणि मधे उताणा पडलेला माणूस, ज्याला या दोन्हींशी काही देणंघेणं नाही.

त्याच्यापुरतं बघ. फक्त त्याच्यापुरतं. रोज तीन मजले चढतो, छातीत दुखत नाही. आकडा रेषेच्या वर आहे, जेमतेम, पण वर. गाठ थांबणार नाही.

“नाही,” ती म्हणाली. “बाहेर येऊ या. स्टेंट नाही.”

सिस्टरनं कपाटाचं दार लावलं.

“म्हणजे काय ठरलं?” चादरीखालून.

“धमनी थोडी अरुंद आहे. पण रक्त पोचतंय. हात लावला नाही. पोटाचं ऑपरेशन ठरल्या दिवशी करा.”

“हात लावला नाही म्हणजे बरं झालं की वाईट?”

ती उत्तर द्यायला गेली, आणि “तुम्हाला काय वाटतं?” असं काहीतरी भलतंच तिच्या तोंडून निघालं.

“मला? मला वाटतं गाठ आधी जावी. तिचीच मला भीती वाटते, या छातीची नाही. पण कुणी विचारलं नाही, म्हणून बोललो नाही.”

बाहेर त्याची धाकटी बहीण बाकावर बसली होती, त्याच्या चपला पिशवीत घालून. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “ऑपरेशन करताना काही होणार नाही ना?” तिनं सांगितलं: धोका कमी आहे, शून्य नाही, भूल देणाऱ्यांना मी सगळं कळवते. बहीण मान हलवत राहिली. सर्जन फोनवर कुरकुरला, “सत्तर असून सोडलंस?” – आकडा तिच्याआधी त्याच्यापर्यंत पोचलेला होता, कुणाकडून कुणास ठाऊक.

काचेपलीकडच्या खोलीत धाकटी रिपोर्ट लिहायला बसली होती. पडद्यावर तेच चित्र पुन्हा पुन्हा फिरत होतं: झाड उगवे, विरे, उगवे.

तिनं खुर्ची ओढली. “एक विचारू? मी आधी बोलले नसते तर तू किती म्हणाली असतीस?”

धाकटीनं चष्मा वर सरकवून पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ. आपली परीक्षा चालली आहे असं वाटून ती घाबरली असावी, मग घाबरणं ओसरलं असावं, कारण तिचा आवाज साधा होता.

“खरं सांगू, मॅडम? मला आठवत नाही. तोंडापर्यंत काहीतरी आलं होतं. पण तुम्ही सत्तर म्हणालात आणि मला सत्तर दिसायला लागलं. आताही… आताही सत्तरच दिसतंय.”

“वायर एक्याऐंशी म्हणाली तरी?”

“तरी.”

पुढच्या पेशंटची ट्रॉली दारातून आत येत होती, चाक कुरकुरत. ती बसून राहिली, झाडाकडे बघत. प्रत्येक ठोक्याला ती बारीक जागा थोडी आवळायची, थोडी सैल व्हायची; पन्नास म्हणा, ती पन्नास व्हायची, साठ म्हणा, साठ. तिनं आपला आकडा शोधला, पहिला, कुणाच्या फोनच्या आधीचा… आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाशी काहीच आलं नाही. ते भीतीसारखं नव्हतं. सुटकेसारखंही नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्या माणसाचं पोट उघडेपर्यंत, कदाचित त्यानंतरही, हे असलं रिकामपण घेऊन वावरावं लागणार हे तिला दिसत होतं, आणि धाकटी तिच्याकडे बघत होती, ती काहीतरी बोलेल म्हणून, आणि ती बोलत नव्हती.