टोपल्याखालची जागा

कल्पना करा बरं, तुम्ही दहा वर्षांचे आहात. सकाळी हापशीवर पाणी भरायला गेलात, तर तुमचा पाण्याचा गुंड कुणीतरी पायानं बाजूला सरकवतं. दुकानात उभे राहिलात, तर तुमच्या मागून आलेल्याला आधी साखर मिळते. शाळेत तुमच्या शेजारची जागा रिकामीच राहते. आणि हे सगळं कशासाठी? तर तुम्ही एक खरी गोष्ट आईला सांगितलीत आणि ती सांगताना तुमचा आवाज जरा मोठा झाला. झाली कल्पना? मग आता त्या जागी दीपाला उभं करा.

दीपाचं गाव मोहदरी. कळंबच्या बाजारापासून बरंच आत, जंगलाला पाठ लावून बसलेलं. कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडं झाडावरच किडत होती आणि जो कापूस हाती येई, त्याला कुणी नीट विचारत नव्हतं. घराघरात भरवसा राहिला होता तो शेळ्यांचा. या शेळ्या चरायच्या बेहड्याच्या नाल्यात, आणि त्याच नाल्यावर जंगलखात्याचा डोळा होता.

तिथं चौशिंगा राहत असावा, असं खात्याला वाटत होतं. चौशिंगा म्हणजे शेळीएवढं, लाजरं, चार शिंगांचं हरिण. दोन शिंगं कानांजवळ आणि दोन इवलीशी कपाळावर. शिंगं फक्त नराला. जंगलं तुटत गेली तसं हे जनावरही कमी होत गेलं. नाल्यात ते आहे असं ठरलं, तर नाला अभयारण्यात जाणार आणि शेळ्या बाहेर येणार. नाही असं ठरलं, तर नाल्यातल्या सागाची कटाई होणार, पण चराई राहणार. तीन मोजण्या व्हायच्या होत्या. दोन झाल्या, दोन्हींत काही सापडलं नाही. गाव खूश होतं.

दीपाचं काम लेंड्या गोळा करण्याचं. शेळ्यांच्या मागं हिंडून टोपलं भरायचं आणि घरच्या वावरात खत म्हणून नेऊन टाकायचं. पाठ मोडायची. पण वर्षापूर्वी तिला नाल्यात एका बेहड्याच्या झाडाखाली आयता ढीगच सापडला होता. खराट्यानं ओढला की टोपलं भरलं. चार-आठ दिवसांनी पुन्हा तिथंच ढीग. ही जागा तिनं कुणाला सांगितली नव्हती. इतर पोरी घामाघूम होऊन यायच्या आणि दीपा गाणं म्हणत यायची.

गावच्या शेळ्या चारणारा म्हातारा उकंडा एकदा तिच्या टोपल्यापाशी थांबला. त्यानं दोन लेंड्या उचलल्या, बोटांत फिरवल्या.

"हे कुठून आणलं वो बाई?"

"नाल्यातून. तिथं आयता ढीग असते, आबा."

"ढीग? शेळी कधी ढीग घालते काय? थे चालता चालता पेरत जाते. एका जागी येऊन ढीग घालणारी शेळी मी उभ्या जन्मात नाई पाह्यली." त्यानं लेंडी तिच्या तळहातावर ठेवली. "हे चौशिंग्याचं हाये. थे आपल्या ठरल्या जागीच येते. मोजणीवाले हेच तर शोधत फिरून राह्यले."

"पण त्यायले तर काहीच नाई सापडलं."

"कसं सापडन? तू झाडून नेलतं न!"

उकंडा खोकला येईपर्यंत हसला. मग त्यानं तिची मूठ मिटून टाकली. "कोणाले सांगजो नको," म्हणाला.

रविवारी भर दुपारी दीपा खडकाआड पालथी पडून राहिली. बऱ्याच वेळानं झुडपातून एक मादी आली, मागं काटकुळ्या पायांचं पाडस. मादीनं झाडून नेलेली मोकळी जमीन हुंगली. उभी राहिली. इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा तिथंच लेंड्या टाकून गेली.

हे पोटात ठेवणं दीपाला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी हापशीवर तिनं आईला, पंचफुलाला, सगळं सांगितलं. हापशीवर बारा बाया होत्या. पुढची कल्पना तुम्ही केलीच आहे.

तिसऱ्या मोजणीच्या आदल्या दिवशी सकाळीच विठ्ठलराव दीपाच्या अंगणात आले. जंगलाकडे जाणारी वाट त्यांच्या वावरातून जायची, म्हणून गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. मागं पंधरा-वीस माणसं होती.

"नागोराव, तुह्या पोट्टीनं दोन मोजण्या वाचवल्या गावाच्या," ते दीपाच्या वडलांना म्हणाले. "सत्कार केला पाह्यजे तिचा. शाल-नारळ देऊ."

मागचे हसले. नागोराव हसले नाहीत.

"आता एक राह्यली. उद्या दहाले साहेबलोक येऊन राह्यले. त्याच्या आंधी टोपलं भरून आलं पाह्यजे."

"लेकरू हाये, भाऊ. तिले कायले यात..."

"लेकरू हाये म्हणून गोडीनं सांगून राह्यलो."

पंचफुला दारातूनच म्हणाली, "तिच्याच हातून काहून? गावात दुसरे खराटे नाईत काय?"

"बेहडे शंभर हायेत नाल्यात. कोणत्या बुडाशी ढीग हाये, थे हिलेच माहीत!"

कुंपणापलीकडून उकंडा ओरडला, "सोता शोधा न, विठ्ठलराव! कंबर वाकत नाई काय?"

"तू चूप बैस, बुढ्या! तुह्या शेळ्या कोणाच्या वावरातून जातेत, याद ठेव." मग ते दीपाकडे वळले. हसू गेलं होतं. "पोट्टे, ढीग राह्यला तर तुह्या बापाची एक शेळी माह्या बांधावरून जाणार नाई. अन् गाव तुले काय म्हणन, थे तू हापशीवर ऐकजो."

माणसं गेली. नागोरावांनी अकरा शेळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "झाडून टाक, दीपे. इतकी जनावरं बांधून चारायले पाला कुठून आणू?"

बाप खोटं बोलत नव्हता.

सकाळी आईनं तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर टोपलं ठेवलं, हातात खराटा दिला. दीपा निघाली तसं मागून गाव निघालं. ती झाडून घेईल आणि मग तिथून शेळ्यांचा कळप फिरवायचा, म्हणजे मागमूस राहणार नाही, असं ठरलं होतं. कुणी मागून खडा मारला. टोपल्याला लागून तो टप्प असा वाजला.

"चाल लवकर! पाय मोडले काय?"

बेहड्याखाली ढीग होता. ताजा, काळा, दवानं ओला. दीपानं खराटा टेकवला आणि खाली वाकली. ढिगाच्या कडेला वेगळ्या लेंड्या दिसल्या. तुरीच्या दाण्याएवढ्या, मोजून पाच-सहा.

पाडसाच्या. आईच्या मागं मागं येऊन तेही ही जागा शिकलं होतं.

वर्षभर तिनं ही जागा झाडून नेली होती. ती दोघं मात्र परत इथंच येत राहिली होती.

"काय पाह्यतं? वढ न खराटा!" विठ्ठलराव खेकसले. "अन् तुमी, सोडा रे शेळ्या!"

कळप नाल्यात घुसला. दीपानं खराटा टाकला, डोक्यावरचं टोपलं काढलं, ढिगावर पालथं घातलं आणि त्याला दोन्ही हातांनी कवळून बसली. शेळ्या तिच्या पाठीला घासत, टोपल्याला शिंगं लावत पुढं गेल्या. त्यांतल्या अकरा तिच्या घरच्या होत्या. एकीनं तर ओळखीनं तिचा कान चाटला.

"उठ वो! उठतं का नाई?"

"बापाले उपाशी मारतं काय, अवदसे!"

कुणीतरी तिचा दंड धरून ओढला. टोपलं हललं, पण तिनं सोडलं नाही. "हात नोको लावू माह्या पोरीले!" हा आवाज पंचफुलाचा होता.

तेवढ्यात वरच्या पायवाटेनं खाकी कपडे दिसले. दंड धरणारा हात सुटला. मोजणीच्या बाई, सत्यशीला मॅडम, वही घेऊन उतरल्या. एवढी माणसं, एवढ्या शेळ्या आणि मधोमध पालथ्या टोपल्याला कवळून बसलेली मुलगी पाहून थबकल्या.

"काय आहे गं त्याखाली?"

"कोंबडी हाये, मॅडम," विठ्ठलराव चटकन म्हणाले. "पोरगी जरा येडी हाये. चाला, तुमाले पुढचा नाला दाखवतो."

कुणी हसलं नाही. दीपानं वडलांकडे पाहिलं. नागोराव शेळ्यांच्या मधे उभे होते. त्यांनी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही.

दीपा उठली. गुडघ्यांची माती झटकली.

"याच्या आंधी दोन वेळा मी झाडून नेलतं, मॅडम," ती म्हणाली, "माहीत नव्हतं म्हणून."

आणि तिनं टोपलं उचललं.